शिंगातलं शेण ते बाटलीतली शिराज: वाइन द्राक्षाची बाग सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक पद्धतीने कशी धरायची

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही बांधाजवळचा खड्डा उकरतो. ऑक्टोबरात पुरलेली गाईची शिंगं एकेक करून वर येतात. माती झटकायची, शिंग दगडावर हलकंसं आपटायचं, की आतला गोळा तळहातावर पडतो. भरलं होतं तेव्हा ते ओलं, हिरवट शेण होतं. आता ते गडद तपकिरी आणि लोण्यासारखं मऊ झालेलं असतं, आणि त्याला शेणाचा वास उरलेला नसतो. रानातला पालापाचोळा बाजूला केल्यावर खालची माती जशी वास देते, तसा येतो. एखाद्या शिंगातला गोळा हिरवाच निघाला, नाकाला झोंबला, तर तो पुन्हा भरून पुरायचा. न झालेलं खत बागेला द्यायचं नाही.

माझी दिंडोरी तालुक्यात दोन एकर शिराज (लाल वाइनचं द्राक्ष) आहे. माल एका छोट्या वायनरीत जातो आणि गाळपाच्या दिवसांत मीही तिथेच असतो. ज्यांची वाइन द्राक्षाची बाग आहे आणि ती रसायनांतून बाहेर काढायची आहे, किंवा ज्यांना स्वतःची छोटी वायनरी उभी करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सुरुवातीलाच एक सांगतो. या वाइनचं जमणं-बिघडणं गोडी छाटणीपासून (फळ धरण्यासाठीची छाटणी) काढणीपर्यंतच्या पाच महिन्यांत ठरतं. वायनरीत आलेला माल सांभाळायचा असतो, एवढंच.

दोन शब्द, दोन अर्थ

सेंद्रिय म्हणजे रासायनिक खतं, कृत्रिम कीटकनाशकं-बुरशीनाशकं, तणनाशकं आणि संजीवकं बंद. बायोडायनॅमिक त्याच्या पुढे जातं. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ च्या जूनमध्ये कोबरविट्झ इथे शेतकऱ्यांसमोर आठ व्याख्यानं दिली, त्यातून ही पद्धत निघाली. ते गाव तेव्हा जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. शेत हा एक सजीव, गाय त्याच्या मध्यभागी, शिंगात आणि वनस्पतींत मुरवलेली काही ठरावीक द्रव्यं, आणि चंद्राच्या गतीप्रमाणे कामाच्या वेळा, असा तिचा सांगाडा आहे. डीमीटर हे तिचं प्रमाणचिन्ह १९२८ पासूनचं. फ्रान्समध्ये ल्वार खोऱ्यात निकोला जोली यांनी आपल्या सात हेक्टरच्या कुले द सेराँ या बागेत १९८० च्या दशकात हे सुरू केलं आणि वाइनच्या जगाने त्याची दखल घेतली. आपल्याकडे न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर १९९३ पासून येत राहिले आणि अनेक राज्यांतल्या शेतकऱ्यांना त्यांनी हाताला धरून शिकवलं.

आता माझं मत. जर्मनीत गायझेनहाइमला २००६ पासून एकाच बागेत नेहमीची, सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक अशा तिन्ही पद्धती शेजारी-शेजारी तपासल्या गेल्या. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक या दोन्हींत वेलीचा जोर आणि उत्पादन कमी भरलं, पण त्या दोघींत आपसात फारसा फरक सापडला नाही. म्हणून शिंगखताने वाइनची चव बदलते असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कंपोस्ट, आच्छादन आणि मोकळी हवा यांनी बाग बदलते, हे मात्र मी रोज पाहतो. मी बायोडायनॅमिक कामं करतो, कारण त्यामुळे मी ठरलेल्या दिवशी पहाटे आणि संध्याकाळी प्रत्येक ओळीतून चालतो. भुरी या बुरशीच्या रोगाचा पहिला ठिपका दोनदा मला अशा फेरीतच दिसला आहे.

पायरी १: पहिली तीन वर्षं

भारतात सेंद्रिय प्रमाणीकरण २००१ पासूनच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली चालतं. द्राक्षासारख्या बहुवर्षीय पिकाला तीन वर्षांचा रूपांतराचा काळ लागतो. या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव नेहमीचा, हे घरात बसून आधी मान्य करा. सगळी बाग एकदम टाकू नका. एक प्लॉट घ्या, पण त्याचा पंप, ड्रम, नळ्या वेगळ्या ठेवा.

शेजाऱ्याच्या ब्लोअरचा फवारा ही खरी अडचण आहे. बांधावर शेवरी किंवा गिरिपुष्पाची दाट ओळ लावा आणि बांधालगतच्या दोन ओळींचा माल वेगळा काढून वेगळा विका. शेजाऱ्याला नुसतं सांगून चालत नाही. त्याच्या छाटणीच्या तारखा विचारून घ्या, म्हणजे त्याच्या फवारणीचा अंदाज येतो.

नवी लागवड असेल तर हलकी, मुरमाड, उताराची जमीन निवडा आणि ओळी दक्षिणोत्तर ठेवा. कॅबरने सोविन्योंचा घड सुटा आणि सालीला जाड असतो, तो सेंद्रियात पुष्कळ माफ करतो. शेनिन ब्लांचा घड गच्च, एक मणी कुजला की शेजारचे चार जातात. खुंट (ज्या मुळावर कलम बांधतात ते) म्हणून ११० आर वाइनच्या बागांत चांगला चालला आहे.

वाइन द्राक्षाचा एक मोठा फायदा इथेच लक्षात घ्या. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला जीए (जिबरेलिक आम्ल हे संजीवक) लागतं, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) लागतं. वाइनला मणी लहानच हवा, कारण रंग आणि चव सालीत असते. तो सगळा खर्च आणि ते सगळं रसायन आपोआप गळतं.

पायरी २: माती

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्यांसाठीची छाटणी) बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या वरंब्यावर, एकरी पाच-सहा टन पूर्ण कुजलेलं कंपोस्ट देतो आणि त्यावर उसाचं पाचट अंथरतो. मृगाच्या पावसावर दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात ताग पेरतो. फुलावर यायच्या आत, म्हणजे साधारण ४५ दिवसांनी तो कापून तिथेच आडवा करायचा. ऑक्टोबरात पाचट उचललंत तर खाली बोटभर काळी, भुसभुशीत माती आणि गांडुळांची विष्ठा दिसायला हवी. दिसली नाही, तर पुढची पायरी घाईने करण्यात अर्थ नाही.

नत्राचा हात आवरा. शेणखत, स्लरी, जीवामृत हे सगळं चांगलं म्हणून सगळंच ओतलं तर वेल माजते, पानांची गर्दी होते आणि डाऊनी या पानांवरच्या रोगाला आयतं घर मिळतं.

पायरी ३: शिंगखत, शिंगगार आणि सीपीपी

शिंगखत, ज्याला पाचशे नंबर म्हणतात: व्यालेल्या, दुभत्या गाईचं शेण आणि गाईचंच शिंग. बैलाचं चालत नाही. शिंगावर वेताची वलयं असतात, ती बघून ओळखता येतं. ऑक्टोबरात पुरायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचं आणि नारळाच्या काथ्यात बसवलेल्या मातीच्या मडक्यात, अंधारात ठेवायचं. वापरताना एकरी २५ ग्रॅम खत सुमारे १५ लिटर कोमट पाण्यात घ्या आणि एक तास ढवळा. काठीने एका दिशेला जोरात फिरवून मध्ये खोल भोवरा पडू द्यायचा, मग झटक्यात उलटं फिरवायचं, पाणी फेसाळून गोंधळतं, पुन्हा भोवरा. दोघं जण आलटून-पालटून करा, खांदे भरून येतात. मग संध्याकाळी, चंद्र उतरता असताना, कुंच्याने किंवा कडुनिंबाच्या डहाळीने जमिनीवर टपोरे थेंब शिंपडायचे. ढवळल्यापासून दोन-तीन तासांत संपवायचं. मी वर्षातून दोनदा देतो: पहिल्या चांगल्या पावसानंतर आणि गोडी छाटणीच्या आसपास.

शिंगगार, म्हणजे पाचशे एक: गारगोटीची पिठासारखी बारीक पूड, शिंगात भरून उन्हाळा-पावसाळा पुरलेली. एकरी अवघा एक ग्रॅम. ढवळणं तसंच, पण हे सूर्योदयाला, धुक्यासारखं, पानांच्या वर उडवायचं. फेब्रुवारीच्या कडक उन्हात मी देत नाही आणि पाण्याचा ताण असलेल्या वेलीवर तर कधीच नाही.

सीपीपी (काऊ पॅट पिट, म्हणजे खड्ड्यात मुरवलेलं शेण) हे माझ्या मते तिन्हींत सर्वांत कामाचं. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट खोल असा विटांचा खड्डा, तळ मातीचाच. ६० किलो ताजं शेण, २०० ग्रॅम अंड्याच्या टरफलांची पूड आणि २०० ग्रॅम बेसॉल्टची भुकटी. जर्मनीच्या मारिया थुन यांनी या कृतीत बेसॉल्ट आणलं. आपल्याकडे तर सगळं पठारच त्या काळ्या दगडाचं आहे, खडी क्रशरखालची बारीक भुकटी चाळून घेतली की झालं. शेण पायाने किंवा हाताने चांगलं मळायचं, अगदी कणकेसारखं, मग त्यात ५०२ ते ५०७ ही वनस्पतींची द्रव्यं बोटभर भोकं पाडून ठेवायची. या वनस्पती थंड हवेच्या, आपल्याकडे सहज होत नाहीत, त्यामुळे तयार संच विकत घ्यावे लागतात. वर ओलं गोणपाट, त्यावर सावली. महिन्याने एकदा खालीवर करायचं. अडीच-तीन महिन्यांत वास जाऊन काळा, चिकट गोळा होतो. एकरी एक किलो, ४० लिटर पाण्यात, १५-२० मिनिटं ढवळून.

पंचांग कसं वापरायचं

इथे नव्या माणसाची हमखास गफलत होते. बायोडायनॅमिकमधला चढता-उतरता चंद्र म्हणजे शुक्ल आणि कृष्ण पक्ष नव्हे. चंद्राची आकाशातली वाट रोज थोडी उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकते, जसं सूर्याचं उत्तरायण-दक्षिणायन वर्षात होतं, तसं चंद्राचं २७ दिवसांत होतं. आपलं पंचांग निरयन असल्याने ते घरबसल्या काढता येतं. चंद्र धनु राशीपासून मिथुनेकडे जातो तोवर चढता, आणि मिथुनेपासून धनूकडे जातो तोवर उतरता. चढत्यात पानांची-फळांची कामं, शिंगगार, काढणी. उतरत्यात माती, कंपोस्ट, शिंगखत, छाटणी.

फळाचे दिवस म्हणजे चंद्र मेष, सिंह, धनु राशीत असताना. वृषभ, कन्या, मकर मुळांचे, मिथुन, तूळ, कुंभ फुलांचे आणि कर्क, वृश्चिक, मीन पानांचे. थुन यांच्या बायोडायनॅमिक कॅलेंडरमधल्या राशी आकाशातल्या तारकासमूहांप्रमाणे लहान-मोठ्या असतात, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडेल, तो मनाला लावून घेऊ नका. आणि पावसाचा अंदाज असेल तर पंचांग मिटून ठेवा. फळाचा दिवस धरून बसलो आणि डाऊनी आत शिरली, तर चंद्र काही औषध देणार नाही.

पायरी ४: सायनामाइडशिवाय गोडी छाटणी

आपल्या वेलीला युरोपसारखी थंडीतली झोप मिळत नाही, म्हणून डोळे एकसारखे फुटावेत यासाठी नेहमीच्या बागेत छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावतात. सेंद्रियात ते बंद. पहिल्या वर्षी याचाच धक्का बसतो, कारण शेंड्याकडचे डोळे फुटतात आणि ओलांड्याकडचे (तारेवरच्या आडव्या खोडाकडचे) झोपून राहतात.

माझी रीत अशी. छाटणीआधी दोन आठवडे पाणी तोडतो आणि आठ-दहा दिवस आधी हाताने पानगळ करतो. काडी दोन डोळ्यांवर आखूड छाटतो, म्हणजे शेंडा-बुडखा हा भेदच कमी होतो. छाटणी उशिरा, थंडी पडल्यावर करत नाही. फूट उबेत चांगली निघते. लसणाच्या अर्काचे प्रयोगही झाले आहेत, मी दोन ओळींवर करून पाहिलं, फूट दोन-तीन दिवस आधी दिसली. एवढं करूनही फूट थोडी पुढेमागे होते. ती स्वीकारा आणि काढणी दोन टप्प्यांत करा.

पायरी ५: छाटणीनंतरचे पहिले ५० दिवस

बाग इथे जाते किंवा राहते. पोंगा फुटण्यापासून मणी सेट होईपर्यंत पाऊस, दव, धुकं यांपैकी काहीही आलं तरी पानावर पाणी राहतं आणि डाऊनीला तेवढंच हवं असतं.

औषधाआधी कात्री. फेल फुटी (घड नसलेल्या फुटी) चौथ्या-पाचव्या पानावरच काढून टाका. घडाच्या भागातली पूर्वेकडची पानं काढा, म्हणजे सकाळचं ऊन लागून दव लवकर सुकतं. पश्चिमेकडची ठेवा, नाहीतर दुपारच्या उन्हात मणी भाजतात. एका काडीला एक घड.

पानावर पिवळट तेलकट डाग दिसला आणि शंका आली, तर ते पान ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला कापसासारखी पांढरी लव आली असेल तर डाऊनी आहे. दुसरं काही असेल तर लव येत नाही. या एका पिशवीने माझ्या कितीतरी फवारण्या वाचवल्या.

आता बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. सेंद्रियात ते चालतं म्हणून लोक बेधडक मारतात आणि तांबं जमिनीत कायमचं साठत जातं. युरोपीय संघाची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. आपल्या हिशेबात एकरी १.६ किलो. आता बघा: १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा. एकरी ४०० लिटर फवारलं तर ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबं. दोन फवारण्यांतच वर्षाचा कोटा संपून वर गेलात. म्हणून छाटणीनंतर ओलांड्यावर एकदा, आणि नंतर कोवळ्या पानांवर अर्ध्या टक्क्याहून जास्त कधीच नाही, नाहीतर पानं करपतातही.

मिश्रण करताना मोरचूद एका प्लास्टिकच्या ड्रममध्ये, चुन्याची निवळी दुसऱ्यात, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्यात ओता. मग स्वच्छ विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, चुना वाढवा. त्याच दिवशी संपवा. मधल्या फेऱ्यांना बॅसिलस सबटिलिस आणि ट्रायकोडर्मा, तेही बोर्डोपासून काही दिवसांचं अंतर ठेवून. तांब्यावर तांबं आणि जिवाणूही, असं केलं तर जिवाणूचे पैसे वाया जातात.

भुरी आणि गंधक

डिसेंबरात हवा कोरडी-गार झाली की भुरीचा वार सुरू. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, तापमान ३५ च्या वर असेल तर मारू नका. सुरुवातीच्या ठिपक्यांवर अँपिलोमायसेस ही भुरीवर जगणारी बुरशी संध्याकाळी फवारा, पण गंधकासोबत नाही.

मण्यात पाणी उतरायला लागलं की गंधक बंद. हे मी चुकीतून शिकलो. एका जानेवारीत भुरी पाहून घाबरलो आणि काढणीच्या तीन आठवडे आधी गंधकाचा हात फिरवला. आंबवणाच्या तिसऱ्या दिवशी टाकीचं झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा भपका. सालीवरच्या गंधकाचं यीस्टने हायड्रोजन सल्फाइड केलं होतं. हवा खेळवून वास बराच गेला, पण त्या वाइनला शिराजचा काळ्या मिऱ्याचा गंध आलाच नाही.

मिलीबगसाठी (पिठ्या ढेकणासाठी) खरड छाटणीनंतर सुटी साल खरवडून जाळा, मुंग्यांची वारुळं मोडा, क्रिप्टोलेमस भुंगे सोडा. मुंग्या हटल्या की निम्मं काम झालं.

पायरी ६: काढणी

जानेवारीच्या मध्यापासून दर तिसऱ्या दिवशी वेगवेगळ्या ओळींतून, उन्हाच्या आणि सावलीच्या अशा दोन्ही बाजूंचे, शंभर मणी तोडतो. रिफ्रॅक्टोमीटरवर साखर २३ ब्रिक्सच्या आसपास आणि सामू ३.५ च्या आत हवा. आपल्या उन्हात साखर पळत वर जाते आणि आम्ल तितक्याच वेगाने खाली येतं. म्हणून नुसती साखर बघू नका. मणी तोंडात टाका, साल चावा, बी दाताखाली फोडा. बी हिरवट आणि तुरट असेल तर थांबा. तपकिरी होऊन भाजलेल्या दाण्यासारखं कुरकुरीत वाजलं तर तयार.

तोडणी पहाटे पाच ते नऊ. क्रेट तोंडापर्यंत भरू नका, खालचा माल चिरडतो. कुजका, सुकलेला मणी बागेतच बाजूला. सेंद्रिय वाइनमध्ये सल्फर (वाइन टिकवायला घालतात तो सल्फर डायऑक्साइड) कमी वापरायचं असतं, आणि ते कमी ठेवण्याचा एकच मार्ग आहे: कुजका मणी टाकीत जाऊच द्यायचा नाही.

पायरी ७: टाकीत

आधी कायद्याचं. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय महाराष्ट्रात वाइन बनवणं गुन्हा आहे. परवाना नसेल तर परवाना असलेल्या वायनरीशी करार करा.

बागेतल्या यीस्टवर आंबवायचं असेल तर काढणीच्या आठवडाभर आधी १५-२० किलो निरोगी द्राक्षं तोडून, चुरडून, स्वच्छ डब्यात आंबवायला ठेवा. दही लावायला विरजण लागतं तसंच हे विरजण. वास फळाचा आणि पावासारखा असेल तर मोठ्या टाकीत घाला. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा आला तर फेकून द्या, हळहळ नको.

लाल वाइनला २४ ते २८ अंश, पांढरीला १४ ते १८. लालमध्ये साल वर येऊन टोपी धरते, ती दिवसातून दोन-तीनदा खाली दाबा. आंबवणाच्या खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवा आणि रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही कुणाला एकट्याने उतरू देऊ नका. कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, दिसत नाही, आणि माणूस क्षणात बेशुद्ध होतो.

पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये सल्फर डायऑक्साइड सुमारे ५७ टक्के. १०० लिटरला लिटरमागे ५० मिलिग्रॅम हवं असेल तर ५ ग्रॅम वायू, म्हणजे सुमारे ८.८ ग्रॅम पावडर. मॅलिक आम्लाचं लॅक्टिक होण्याचं काम संपेपर्यंत लालमध्ये ते घालू नका. सामू ३.५ ला मुक्त सल्फर लिटरमागे ४० मिलिग्रॅम पुरतं, ३.८ ला त्याच्या जवळपास दुप्पट लागतं. वेळेवर तोडलेल्या मालाचा फायदा हा असा वर्षभराने दिसतो.

लेबलबाबत: युरोपात २०१२ पर्यंत ‘सेंद्रिय द्राक्षांपासून बनवलेली वाइन’ एवढंच लिहिता येत होतं, त्यानंतर ‘सेंद्रिय वाइन’ला मान्यता आली. तिथे कोरड्या लाल वाइनला एकूण सल्फर १०० आणि पांढरीला १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकेत ‘सेंद्रिय वाइन’मध्ये सल्फाइट घालायलाच परवानगी नाही. निर्यात करायची असेल तर देश आधी ठरवा, मग पावडरीचा डबा उघडा. आणि बागेचं प्रमाणपत्र पुरत नाही, वायनरीचंही लागतं.

पायरी ८: चोथा परत बागेत

एक टन शिराजमधून साधारण ६०० ते ६५० लिटर तयार वाइन निघते, म्हणजे आठशे-साडेआठशे बाटल्या. उरतो तो साली-बियांचा चोथा, ट्रॉलीत भरून घरी आणायचा. तो आम्लधर्मी असतो आणि बिया लवकर कुजत नाहीत, म्हणून त्यात तिप्पट शेण, थोडी बेसॉल्टची भुकटी आणि सीपीपीचा एक गोळा मिसळून ढीग लावतो. एप्रिलच्या खरड छाटणीला तो तयार नसतो. पुढच्या वर्षीच्या एप्रिलला असतो, आणि तेव्हा तो त्याच ओळींत पडतो जिथून क्रेट भरून नेले होते.